तहानेच्या प्रदेशातील वाटा

ऑस्ट्रेलिया खंडाच्या कडेकडेने हिंडणाऱ्याला पाऊस, कुरणे, बंदरे आणि भरभराटलेली नगरे भेटतात. परंतु किनाऱ्याकडे पाठ करून तो आत शिरला, की काही दिवसांतच भूमीचे रूप पालटते. झाडे खुरटतात, नद्या नकाशावर निळ्या रेघेने दाखविलेल्या असूनही प्रत्यक्षात वाळूच्या पट्ट्यांखेरीज काही दिसत नाही, आणि सरोवर म्हणून ज्याचे नाव कागदावर लिहिलेले असते त्या जागी मिठाचा पांढरा थर चकाकत असतो. सुमारे ७७ लक्ष चौरस किलोमीटरांच्या या खंडाचा बहुतेक अंतर्भाग असाच आहे. आणि निसर्गाची विचित्र योजना अशी, की चांदी, शिसे, सोने, तांबे व ओपल या खनिजांची मोठी भांडारे त्याने नेमकी याच कोरड्या भागात दडवून ठेवली. त्यामुळे जेथे मनुष्याने सहसा पाऊल टाकले नसते तेथे तो पुनःपुन्हा जात राहिला.

अशा मुलखात जाणाऱ्याला घरून निघण्यापूर्वीच तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. पाणी कोठे मिळेल? ओझे कोण वाहील? आणि ठरल्या दिवशी परत आलो नाही, तर ते कोणाला आणि केव्हा कळेल? वाहने बदलली, साधने बदलली, तरी हे तीन प्रश्न बदललेले नाहीत. ज्यांनी त्यांची उत्तरे नीट शोधली ते परतले. ज्यांनी एखाद्या प्रश्नाकडे काणाडोळा केला, त्यांची नावे आज नकाशावरील टेकड्यांना आणि ओढ्यांना दिलेली आढळतात.

१८४४ च्या ऑगस्ट महिन्यात कॅप्टन चार्ल्स स्टर्ट ॲडलेडहून निघाला, तेव्हा त्याच्या तांड्यात पंधरा सोबती, बैलगाड्या, घोडे आणि २०० मेंढ्या होत्या. मेंढ्या नेण्यात शहाणपण होते. चालत येणारे अन्न वाहावे लागत नाही. परंतु एका गाडीवर एक होडीही लादलेली होती. खंडाच्या मध्यभागी एक विस्तीर्ण समुद्र असावा, अशी त्या काळच्या अनेक जाणत्यांची समजूत होती आणि स्टर्टचाही तिच्यावर विश्वास होता. तो समुद्र काही भेटला नाही. १८४५ च्या जानेवारीत एका दरीतील डोहापाशी तांडा थांबला आणि मागचे व पुढचे पाणवठे आटल्यामुळे जवळजवळ सहा महिने तेथेच अडकून पडला. उन्हाचा ताप असा, की शाई टाकावरच वाळे आणि पेट्यांचे स्क्रू लाकूड सुकल्याने आपोआप गळून पडत. जुलै महिन्यात पाऊस आला आणि सुटका झाली. परंतु स्टर्टचा दुय्यम अधिकारी जेम्स पूल हा त्याच सुमारास स्कर्व्ही रोगाने मरण पावला. होडी तशीच रानात टाकून द्यावी लागली.

या कथेतील एक योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे. स्टर्ट ज्या बॅरिअर डोंगररांगेतून गेला, तेथेच पुढे १८८३ मध्ये चार्ल्स रॅस्प नावाच्या, मेंढवाड्याच्या कुंपणावर देखरेख करणाऱ्या नोकराला एका काळपट टेकडीवर खनिज सापडले. त्याला ते कथील वाटले. निघाली ती चांदी व शिसे. त्या टेकडीवर ब्रोकन हिल हे शहर उभे राहिले. स्टर्ट जेथे सहा महिने अडकला होता त्या डोहाच्या आसपासही १८८० नंतर सोने मिळाले आणि मिलपरिंका व टिबूबरा ही गावे वसली. समुद्राच्या शोधात निघालेला मनुष्य धनावरून चालत गेला आणि त्याला पाण्याखेरीज दुसरे काही सुचले नाही.

तयारीचा डौल आणि तयारीचा अर्थ यांत किती अंतर असू शकते, हे पाहावयाचे असेल तर १८६० सालच्या बर्क व विल्स यांच्या मोहिमेकडे वळले पाहिजे. त्या वर्षीच्या २० ऑगस्टला मेलबर्नच्या रॉयल पार्कमधून ती निघाली, तेव्हा निरोप द्यायला हजारो लोक जमले होते. तांड्यात १९ माणसे, २० हून अधिक उंट आणि तितकेच घोडे होते. सामानाचे वजन सुमारे २० टन भरले. त्यात लिहिण्याचे टेबल आणि खुर्च्या होत्या, तसेच उंटांना पाजण्यासाठी म्हणून घेतलेली रम होती. नेता रॉबर्ट बर्क हा पोलीस अधिकारी होता. शौर्यात तो कोणाला हार गेला नसता, पण निर्जन प्रदेशातील प्रवासाचा अनुभव त्याच्या गाठी मुळीच नव्हता. मोहीम आखणाऱ्या समितीने वस्तूंची यादी बारकाईने केली. नेत्याची निवड मात्र तितक्या बारकाईने केली नाही.

या मोहिमेतील उंट हिंदुस्थानच्या बाजूने आलेले होते. जॉर्ज लँडेल्स याने ते वायव्येकडून मिळविले आणि कराची बंदरातून जहाजावर चढविले. कराची त्या वेळी मुंबई इलाख्यात मोडत होती, तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटाची वाट मुंबई सरकारच्या एका बंदरातून सुरू झाली असे म्हणण्यास हरकत नाही. उंटांबरोबर त्यांचे हाकेही गेले. त्यांपैकी सामला नावाचा हिंदू मनुष्य पहिल्या काही दिवसांतच परत फिरला; शिध्यातील खारवलेले गोमांस त्याच्या धर्माला चालणारे नव्हते. २० टनांच्या यादीत टेबलाला जागा झाली, पण या एका माणसाच्या जेवणाचा विचार कोणाला शिवला नाही.

बर्कने वाटेत तांड्याचे तुकडे केले. सामानाचा मोठा भाग आणि निम्मी माणसे मागे मेनिंदी येथे राहिली. तो पुढे कूपर्स क्रीक या ओढ्याकाठी आला आणि तेथे तळ ठेवून १६ डिसेंबर १८६० रोजी विल्स, किंग व ग्रे या तिघांसह उत्तरेच्या समुद्राकडे निघाला. जवळ बारा आठवड्यांचा शिधा होता. उत्तरेच्या आखाताजवळची भरतीच्या पाण्याची दलदल त्यांनी गाठली. परतीच्या वाटेवर ग्रे मरण पावला. तळावरील ब्राहे याने चार महिन्यांहून अधिक वाट पाहिली आणि शेवटी २१ एप्रिल १८६१ रोजी सकाळी तळ उठविला. जाताना त्याने थोडे अन्न पुरून ठेवले आणि झाडावर खोदण्याची सूचना कोरली. त्याच दिवशी संध्याकाळी बर्क, विल्स आणि किंग तळावर पोहोचले. काही तासांची चुकामूक झाली होती.

यापुढे जे घडले ते अधिक उद्बोधक आहे. तिघांनी अन्न उकरून काढले, खड्डा पूर्ववत बुजविला, आत चिठ्ठी ठेवली आणि दुसऱ्या दिशेने वस्ती गाठण्याचा प्रयत्न सुरू केला. मात्र झाडावरील खुणेत त्यांनी काहीही बदल केला नाही. मे महिन्यात ब्राहे एकदा परत येऊन पाहून गेला. खूण जशीच्या तशी दिसल्याने कोणी आलेच नाही असे समजून त्याने खड्डा उघडलाही नाही. पुरलेली चिठ्ठी वाचणारा कोणी नव्हता, आणि वाचता येण्याजोगी खूण कोणी केली नव्हती. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर चुकले ते असे, आणि बर्क व विल्स यांचे प्राण गेले.

त्यांचा मृत्यू भुकेने झाला असे म्हटले जाते. परंतु ते उपाशी नव्हते, हे विल्सच्या रोजनिशीवरून दिसते. कूपर्स क्रीकच्या काठी यंद्रुवंधा नावाचे मूळ रहिवासी राहत. ते नार्डू या पाणवनस्पतीच्या बीजकोशांचे पीठ करून खात. पाहुण्यांनीही ते खाल्ले, पोटभर खाल्ले, आणि तरी दिवसेंदिवस त्यांचे हातपाय गळत गेले. नार्डूत एक द्रव्य असते. ते शरीरातील ब जीवनसत्त्वाचा नाश करते. यंद्रुवंधा लोकांच्या पीठ करण्याच्या रीतीत पाण्याचा भरपूर वापर असे आणि तिने त्या द्रव्याचे बळ कमी होई. ती रीत कोणी विचारून घेतली नाही. उलट मदत देऊ पाहणाऱ्या या लोकांवर बर्कने एकदा बंदुकीची गोळी त्यांच्या डोक्यांवरून झाडली. एकटा किंग त्यांच्या आश्रयाला गेला, त्यांच्यात राहिला आणि सप्टेंबर १८६१ मध्ये शोधपथकाला जिवंत सापडला. मोहिमेतील एकूण सात माणसे मरण पावली.

मोहीम फसली, तरी उंट मात्र उपयोगी ठरले. १८६६ मध्ये टॉमस एल्डर या व्यापाऱ्याने कराचीहून १०० हून अधिक उंट आणि ३१ उंटवाले पोर्ट ऑगस्टा येथे उतरविले आणि बेल्टाना येथे उंटांची पैदास सुरू केली. पुढील ५० वर्षांत हजारो उंट आणि निदान २,००० उंटवाले त्या देशात आले. ते बलुची होते, पठाण होते, सिंधी व पंजाबी होते. तेथे मात्र सरसकट अफगाण ही एकच ओळख त्यांना चिकटली. ब्रोकन हिलच्या आणि पश्चिमेकडील सोन्याच्या खाणींना पीठ, साखर, लाकूड, यंत्रांचे सुटे भाग आणि पाणी त्यांनीच पोहोचविले. परत येताना खनिज आणि लोकर त्यांच्याच उंटांवर येई. १८७० ते १८७२ या काळात खंडाच्या आरपार तारायंत्राची ओळ घातली गेली, तेव्हाही मधल्या निर्जल भागात सामान नेण्यास उंटांचा उपयोग झाला.

या उंटवाल्यांची प्रवासाची आखणी गोऱ्या मोहिमांहून वेगळी होती. ओझे जनावराच्या दोन्ही बाजूंना समान तोलायचे, पहाटेच्या गारव्यात वाट कापायची, चारा कोणत्या झुडपांचा आणि विषारी झुडूप कोणते हे आधी पाहायचे, आणि घाईपेक्षा जनावराच्या पाठीला जपायचे, हा त्यांचा पिढीजात धर्म होता. मरी, ब्रोकन हिल आणि ॲडलेड येथे त्यांनी मशिदी बांधल्या. ज्या वाटांवर त्यांनी घाम गाळला त्या देशाने मात्र त्यांना आपले म्हटले नाही. १९०१ च्या आगमन-निर्बंध कायद्यानंतर त्यांना नागरिकत्व मिळणे दुरापास्त झाले आणि बायकामुलांना आणणेही कठीण झाले. पुढे मोटार आली, उंट निरुपयोगी ठरले आणि १९२५ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाने मोकाट उंट मारण्याचा कायदा केला. अनेक उंटवाल्यांना आपल्या हातांनी वाढविलेली जनावरे मारवली नाहीत. त्यांनी ती रानात सोडून दिली. आज ऑस्ट्रेलियात जे रानटी उंट आढळतात ते त्यांचेच वंशज होत.

पश्चिम ऑस्ट्रेलियात सोन्याची लाट उसळली ती १८९२ मध्ये. त्या वर्षी बेली व फोर्ड यांनी कूलगार्डी येथील ५५४ औंस सोने सदर्न क्रॉसला आणून दाखविले. पुढच्याच वर्षी पॅट्रिक हॅनन व त्याच्या दोन साथीदारांना कॅलगुर्ली येथे सोने सापडले. मग हजारो लोक निघाले. कोणी घोड्यावरून, कोणी पायी, तर कोणी आपला संसार एका हातगाडीत घालून ती ढकलीत. १८६० च्या दशकात चार्ल्स हंट याने ग्रॅनाइटच्या खडकांपाशी काही विहिरी खणून ठेवल्या होत्या, त्यांचाच या लोकांना आधार झाला. हंटला त्या जागा दाखविल्या होत्या मूळ रहिवाशांनी. खडकातील खळगे, त्यांत साठणारे पावसाचे पाणी आणि ते उन्हाने आटू नये म्हणून वर ठेवलेला दगड किंवा फांद्या, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची व्यवस्था होती. लहान टोळीला पुरणारे ते पाणी सोन्यासाठी धावलेल्या गर्दीने आणि तिच्या जनावरांनी पाहता पाहता संपविले.

कूलगार्डीला पाणी गॅलनच्या भावाने विकले जाऊ लागले. खाऱ्या तळ्यांचे पाणी मोठ्या भांड्यांत उकळायचे, वाफ थंड करायची आणि जमलेले पाणी विकायचे, हा धंदा सोन्याइतकाच किफायतशीर झाला. विषमज्वराने माणसे पटापट मरत होती. या संकटावर चार्ल्स ओ'कॉनर या सरकारी अभियंत्याने उपाय सुचविला तो असा, की किनाऱ्याजवळ मंडेरिंग येथे धरण बांधावे आणि तेथील पाणी नळाने ५५० किलोमीटरांहून दूर, आणि ३०० मीटरांहून उंच, आठ पंपगृहांच्या साहाय्याने न्यावे. रोज ५० लक्ष गॅलन पाणी जाईल असा त्याचा हिशेब होता. वर्तमानपत्रांतून त्याच्यावर टीकेची झोड उठली, त्याच्या प्रामाणिकपणावर शिंतोडे उडाले, आणि १० मार्च १९०२ रोजी त्याने समुद्रकिनारी स्वतःवर गोळी झाडून घेतली. २४ जानेवारी १९०३ रोजी कूलगार्डी व कॅलगुर्ली येथे नळाला पाणी आले. ओ'कॉनरचा हिशेब बरोबर होता. तो नळ आजही वाहत आहे.

सर्वत्र नळ नेणे शक्य नव्हते. उत्तरेकडे अजून शेकडो किलोमीटर वाळूच्या टेकड्या पसरलेल्या होत्या. १८९६ मध्ये डेव्हिड कार्नेगी हा तरुण खाणशोधक पाच जणांच्या छोट्या तुकडीसह नऊ उंट घेऊन कूलगार्डीहून हॉल्स क्रीककडे निघाला. त्याचा शिधा मोजका होता, शिस्त कडक होती. परंतु पाणी शोधण्याची त्याची रीत ऐकून मन विषण्ण होते. वाटेत भेटलेल्या मूळ रहिवाशाला तो पकडी, बांधून ठेवी, प्रसंगी खारे मांस चारी, आणि तहानेने व्याकूळ झालेला तो मनुष्य पाण्याकडे गेला की मागोमाग सारा तांडा जाई. कार्नेगीने हे आपल्या प्रवासवर्णनात उघडपणे लिहिले आहे.

दहा वर्षांनी आल्फ्रेड कॅनिंग याने विलूना ते हॉल्स क्रीक अशी गुरे नेण्याची वाट मोजली, तीही याच रीतीने. त्याने तर साखळदंडच बरोबर नेले होते. त्याच्याच तुकडीतील स्वयंपाक्याने या वर्तनाविरुद्ध तक्रार केली, आणि १९०८ मध्ये सरकारी चौकशी बसली. साखळ्या वापरल्याचे कॅनिंगने नाकारले नाही. तरी चौकशीने त्याला दोषमुक्त ठरविले. मग १९०८ ते १९१० या काळात त्या वाटेवर ५० च्या आसपास विहिरी बांधल्या गेल्या. त्यांपैकी अनेक विहिरी मार्तू आदी लोकांच्या जुन्या पाणवठ्यांवरच खोदल्या होत्या, आणि गुरांसाठी बसविलेल्या त्या अवजड रहाटांनी पाणी काढणे त्यांना सोपे नव्हते. १९११ मध्ये गुरे घेऊन निघालेल्या आरंभीच्या एका तांड्यातील माणसे त्या वाटेवर मारली गेली. एका बाजूच्या नियोजनाला दुसऱ्या बाजूने दिलेले ते उत्तर होते.

मोटारीचे युग सुरू झाले तेव्हा पाण्याच्या जोडीला पेट्रोलचा हिशेब आला. हॅरी डटन आणि मरे आँगर हे दोघे १९०७ मध्ये टॅलबॉट गाडीतून ॲडलेडहून उत्तरेस निघाले. टेनंट क्रीकच्या अलीकडे गाडी मोडली आणि पावसाळा तोंडावर आल्याने ती तेथेच सोडून त्यांना परतावे लागले. १९०८ मध्ये ते अधिक शक्तीची दुसरी गाडी घेऊन निघाले, सोडलेली गाडी वाटेत दुरुस्त केली आणि ऑगस्ट महिन्यात डार्विन गाठले. वेळीच माघार घेण्याची त्यांची तयारी होती, म्हणूनच दुसऱ्या प्रयत्नाला अर्थ आला.

याउलट लॅसेटरची गोष्ट. मध्य ऑस्ट्रेलियात सोन्याची प्रचंड शीर आपण पाहिली आहे, असे हॅरोल्ड लॅसेटर सांगे. त्याच्या शब्दावर सिडनीत कंपनी निघाली, आणि १९३० मध्ये मालमोटार, विमान व बिनतारी यंत्र घेऊन मोहीम ॲलिस स्प्रिंग्जहून निघाली. विमानाला अपघात झाला, मालमोटार वाळूत रुतली, सोबत्यांचा विश्वास उडाला. शेवटी लॅसेटर दोन उंटांसह एकटा राहिला, आणि एके दिवशी उंट बुजून पळाले. काही काळ मूळ रहिवाशांनी त्याला अन्न दिले. १९३१ च्या आरंभी तो मरण पावला. साधने विपुल होती. परंतु जेथे जायचे ती जागा खरी आहे की नाही, हेच कोणी तपासले नव्हते. याच प्रदेशात, १९१५ मध्ये, सोने शोधणाऱ्या एका छोट्या तुकडीतील चौदा वर्षांचा विली हचिसन पाणी शोधावयास गेला आणि ओपलचे तुकडे घेऊन परतला. तेथे आज कूबर पेडी हे गाव आहे, आणि उन्हापासून बचाव म्हणून तेथील पुष्कळ लोक टेकडीच्या पोटात घर कोरून राहतात.

तिसऱ्या प्रश्नाला, म्हणजे संकटाची वार्ता पोहोचविण्याच्या प्रश्नाला, समर्पक उत्तर मिळाले ते विसाव्या शतकात. १९१७ मध्ये हॉल्स क्रीकजवळ जिमी डार्सी हा गुराखी जबर जखमी झाला. डॉक्टर होता पर्थला, ३,००० किलोमीटर दूर. गावच्या पोस्टमास्तराने तारेवरून येणाऱ्या सूचना वाचीत चाकूने त्याच्यावर शस्त्रक्रिया केली. डॉक्टर जहाजाने, मोटारीने, घोडागाडीने आणि अखेर पायी चालत तेथे पोहोचला. रुग्ण आदल्या दिवशी वारला होता. शस्त्रक्रिया यशस्वी झाली होती, प्राण घेतला मलेरियाने. ही वार्ता देशभर गाजली आणि पाद्री जॉन फ्लिन यांच्या प्रयत्नांना बळ आले. त्याच वर्षी क्लिफर्ड पील या सैन्यातील तरुणाने विमानाने वैद्यकीय मदत कशी देता येईल, त्याचा खर्चासह आराखडा फ्लिनना लिहून पाठविला होता. पील १९१८ मध्ये युद्धात मारला गेला. १७ मे १९२८ रोजी क्लाँकरी या तांब्याच्या खाणींच्या गावातून उडत्या डॉक्टरचे पहिले विमान निघाले, आणि १९२९ मध्ये आल्फ्रेड ट्रेगर याने पायट्याने चालणारे बिनतारी यंत्र सिद्ध केले. सायकलीसारखे पाय मारले की वीज निर्माण होई आणि शेकडो किलोमीटर दूर हाक पोहोचे.

दुसऱ्या महायुद्धानंतर रस्ते आले, पण त्यांचा हेतू प्रवाशांची सोय हा नव्हता. वूमेरा येथून सोडावयाच्या अग्निबाणांसाठी आणि ब्रिटिशांच्या अणुचाचण्यांसाठी वाळवंटात मार्ग हवे होते. लेन बेडेल हा मोजणीदार आणि त्याचे मूठभर सहकारी यांनी १९५५ ते १९६३ या काळात सुमारे ६,००० किलोमीटर मार्ग काढले. गनबॅरल महामार्ग १९५८ मध्ये पुरा झाला. बेडेल एकटा पुढे जाई, तेथून आरशाने ऊन चमकवी, आणि मागून येणारा बुलडोझर त्या चमकेच्या रोखाने झुडपे पाडीत येई. जागोजागी त्याने ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर अंतर व तारीख ठोकून ठेवली. पुढच्या प्रवाशाला त्या पट्ट्या मोठा आधार झाल्या. परंतु ज्यांच्या भूमीवर १९५३ मध्ये एमू फील्ड येथे व १९५६ पासून मारालिंगा येथे अणुस्फोट झाले, त्यांना तेथून हलविण्यात आले. मारालिंगाची भूमी १९८४ च्या कायद्याने त्यांना परत मिळाली. तिच्यातील किरणोत्सारी मलबा साफ करण्यास त्यानंतरही कित्येक वर्षे लागली.

रस्ता झाला म्हणून तहान संपत नाही. १९६३ च्या डिसेंबर महिन्यात मरी ते बर्ड्सव्हिल या सुमारे ५०० किलोमीटरांच्या वाटेवर एका कुटुंबाच्या मोटारीतील पेट्रोल संपले. ते कुटुंब मोटार सोडून पाण्याच्या शोधात निघाले आणि त्यातील पाचही जण मरण पावले. उभी असलेली मोटार विमानातून दिसते, चालणारा मनुष्य दिसत नाही, आणि मोटारीची सावली हीच त्या माळावरील एकमेव सावली असते. म्हणून वाहन बंद पडले तर त्याला सोडून जाऊ नये, हा नियम तेथे लहान मुलांनाही शिकविला जातो.

आज या मुलखात निघणारा प्रवासी उपग्रहाशी जोडलेला दूरध्वनी नेतो, दोन जादा चाके घेतो, दर माणशी दर दिवशी कित्येक लिटर पाणी मोजून भरतो आणि कोणत्या वाटेने, केव्हापर्यंत पोहोचू हे कोणाला तरी सांगून ठेवतो. पाऊस झाला की मातीचे रस्ते बंद होतात, म्हणून चार दिवसांचा शिधा अधिक धरतो. आणि कॅनिंगच्या वाटेने जायचे असेल, तर त्या भूमीच्या मूळ मालकांकडून त्याला परवाना घ्यावा लागतो. १९०६ मध्ये ज्यांना साखळ्या घालून पाणी विचारले गेले, त्यांच्या नातवंडा-पतवंडांकडे आज अर्ज करून वाट मागावी लागते. प्रवासाच्या यादीत ही गोष्ट सर्वांत शेवटी आली. खरे पाहता ती पहिल्या ओळीत असावयास हवी होती. बर्कच्या २० टन सामानात जे नव्हते आणि ज्याच्या बळावर किंग जगला, ते हेच होय: त्या भूमीवर राहणाऱ्याला विचारणे, आणि त्याचे उत्तर ऐकून घेणे.